नालीत गेलेले औषध वस्तीत परत येते

ताप आला की मेडिकलमधून दोन-चार गोळ्या आणायच्या, बरे वाटले की उरलेल्या डब्यात ठेवायच्या आणि मुदत संपली की नालीत टाकायच्या, ही सवय बऱ्याच घरांत आहे. त्या गोळ्या अँटिबायोटिकच्या असतील तर नालीत गेल्यावर काय होते, ते या वेळी समजून घेऊ.

अँटिबायोटिक म्हणजे जिवाणूंना मारणारे किंवा त्यांची वाढ थांबवणारे औषध. मराठीत त्याला प्रतिजैविक म्हणतात. अमॉक्सिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन ही नावे आपल्या ओळखीची आहेत. न्यूमोनिया, टायफॉइड, लघवीचा संसर्ग, बाळंतपणानंतर होणारा जंतुसंसर्ग यांत ही औषधे जीव वाचवतात. सर्दी आणि साधा खोकला मात्र बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. तिथे त्यांचा काही उपयोग नाही.

सांडपाण्यात औषध येते कुठून?

घेतलेली सगळी गोळी शरीरात संपत नाही. अमॉक्सिसिलिनचा निम्म्याहून जास्त भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. तो शौचालयातून सेप्टिक टँकमध्ये आणि तिथून नालीत येतो. दवाखान्यांचे सांडपाणी, गाई-म्हशींना आणि कोंबड्यांना दिलेली औषधे, औषध कारखान्यांचे पाणी, या आणखी वाटा आहेत.

आष्टीच्या लोकांनी एक वाट विशेष लक्षात ठेवावी. आपला भाग संत्र्याचा. लिंबूवर्गीय झाडांवरच्या खैऱ्या रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लिन फवारतात. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही दोन अँटिबायोटिके असतात. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचे औषध आहे! म्हणूनच केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला याचा वापर बंद करण्यासाठी मसुदा आदेश काढला. फवारलेले औषध पावसाने मातीत उतरते, ओढ्याला लागते आणि आपल्या तालुक्याचे ओढे-नाले शेवटी वर्धा नदीला मिळतात. बगीच्यात रोजीने फवारणी करणारे हात बहुतेक आपल्याच वस्त्यांतले असतात.

नालीत काय घडते?

नालीत औषधाचे प्रमाण थोडे असते. तेवढ्याने सगळे जिवाणू मरत नाहीत. कमजोर मरतात, ज्यांच्यात औषध सोसायची ताकद आहे ते उरतात आणि वाढतात. ही ताकद ज्या जनुकांमुळे येते, ती जनुके एक जिवाणू शेजारच्या दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूलाही देऊ शकतो. माणसांच्या पोटातले जंतू, औषधांचे अंश आणि घाण, हे सगळे सांडपाण्यात एकत्र असते. म्हणून ही देवाणघेवाण तिथे सोपी होते.

पुण्यात मुठा नदीच्या तळाचा गाळ तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नदी शहरात शिरण्याआधीच्या गाळाच्या तुलनेत शहरातल्या गाळात अशा जनुकांचे प्रमाण ३० पट निघाले. जनुकांचे एकूण १७५ प्रकार सापडले. बाकी औषधे थकल्यावर अतिदक्षता विभागात जी कार्बापेनेम गटाची औषधे देतात, त्यांनाही न जुमानणारी जनुके त्यांत होती. कारण साधे आहे. शहराचे बरेच सांडपाणी नीट शुद्ध न होता नदीत जात होते.

हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे तर औषध कारखान्यांचे पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळले. हा अभ्यास २००७ चा. ती गोळी घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहून हे प्रमाण जास्त होते. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने कारखान्यांच्या पाण्यातील १२१ अँटिबायोटिकांसाठी मर्यादा सुचवल्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम नियमांत त्या राहिल्या नाहीत.

याची झळ आधी कोणाला?

औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. ज्याच्या घरात फिल्टर आहे आणि महागडे इंजेक्शन घेण्याइतका पैसा आहे, तो त्यातल्या त्यात वाचतो. नाला वाहतो तो वस्तीच्या कडेने. नळाची पाइपलाइन नालीतून जाते आणि फुटली की घाण पाणी हंड्यात येते. मुले नालीकाठी खेळतात. गटार आणि सेप्टिक टँक साफ करायला उतरतात तेही आपलेच भाऊ. सुरक्षा साधनांशिवाय माणूस असा उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. जी लघवीची जळजळ साध्या गोळीने बरी होत असे, तिच्यासाठी मग दवाखान्यात भरती व्हावे लागते आणि मजुरी बुडते.

घरात काय करावे?

- अँटिबायोटिक डॉक्टरांनी लिहून दिले तरच घ्यावे. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. सांगितले तितके दिवस घ्यावे, उरलेले दुसऱ्याला देऊ नये.
- लेकराला पाण्यासारखी हगवण लागली तर ओआरएस आणि झिंक द्यावे. आशाताईंकडे ते मिळते. शौचात रक्त असेल, मूल सुस्त पडले असेल किंवा पाणी पीत नसेल तर लगेच दवाखाना गाठावा.
- पिण्याचे पाणी खळखळ उकळावे. औषधाला न जुमानणारे जिवाणूसुद्धा उकळल्यावर मरतात.
- जुन्या गोळ्या नालीत किंवा शौचालयात टाकू नयेत. सरकारी दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये त्या परत घेतात का, ते विचारावे. नाही घेतल्या तर चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळून पिशवीत बंद कराव्यात आणि लेकरांच्या हाती लागणार नाहीत अशा रीतीने घंटागाडीत द्याव्यात.
- फवारणी करताना हातमोजे आणि तोंडाला मास्क मालकाकडून मागून घ्यावा. रिकामी पाकिटे ओढ्यात धुऊ नयेत.

मागायचे काय?

घरच्या काळजीने अर्धेच काम होते. नालीतून गेलेली पाइपलाइन बाहेर काढणे, नाल्या झाकणे, सेप्टिक टँकचा मैला ओढ्यात न सोडता त्यावर प्रक्रिया करणे, ही नगरपंचायतीची जबाबदारी आहे. दवाखान्यांनी आपले सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे, असे जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम सांगतात. जुन्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात एक पेटी ठेवा, ही मागणीही रास्त आहे. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा महिला मंडळाने यावर अर्ज लिहावा, वस्तीच्या सह्या घ्याव्यात आणि अर्ज दिल्याची पोच आठवणीने मागून घ्यावी.