पेशींचे निरोप आणि मण्यारीचा दंश

एटापल्ली तालुक्यातील एखाद्या पाड्यावरून पावसाळ्यात, पहाटेच्या वेळी, पोटदुखी व ओकारीची तक्रार घेऊन रुग्ण येतो. रात्री तो जमिनीवर झोपलेला असतो. अंगावर सूज नसते, दंशाची खूण दिसत नाही. अजीर्ण समजून पाचक चूर्ण दिले जाण्याचा संभव येथेच असतो. काही वेळाने पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येईनासे होते आणि मण्यार चावल्याचे उमगते.

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात सर्पांचे दर्वीकर, मंडली व राजिमंत असे भेद वर्णिले आहेत. फणाधारी नाग दर्वीकरांत मोडतो, तर अंगावर पट्टे असलेली मण्यार राजिमंतांत गणली जाते. दोहोंच्याही विषाने श्वास थांबतो. परंतु आघाताची जागा भिन्न असते. ती समजून घेण्यासाठी पेशी एकमेकींना निरोप कसा देतात हे पाहिले पाहिजे.

निरोपाची वाट

मज्जातंतूचे टोक व स्नायूपेशी यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. संदेश टोकाशी येताच तेथे कॅल्शियम आत शिरते व सूक्ष्म पिशव्यांतून अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन फटीत सोडले जाते. स्नायूवरील ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, ते स्वीकारतो. त्याची वाट उघडून सोडियम आत जाते आणि स्नायू आकुंचन पावतो. उरलेले रसायन एक विकर क्षणार्धात नष्ट करते. मज्जातंतूचा निरोप रसायनाद्वारे जातो, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखविले. त्यांना व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नागाचे विष ग्राहीवर ठाण मांडते. निरोप येतो, पण स्वीकारला जात नाही. मण्यारीचे विष मुख्यतः मज्जातंतूचे टोकच निकामी करते. निरोप निघतच नाही.

उपचारातील भेद

निओस्टिग्मिन त्या विकरास रोखते, अ‍ॅसिटिलकोलिन साठते व नागाच्या विषाशी स्पर्धा करू शकते. मण्यारदंशात मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. टोके पुन्हा सुधारेपर्यंत, प्रसंगी अनेक दिवस, कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. सर्पविषरोधक लस रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते. झालेली हानी भरून काढत नाही. म्हणून ती जितकी लवकर मिळेल तितके उत्तम.

निओस्टिग्मिनसोबत अ‍ॅट्रोपिन देतात. हे द्रव्य आपल्या परिचयाच्या धत्तूरातही आहे. ते हृदय व ग्रंथींवरील निराळ्या ग्राहींना अडवून लाळ वाढणे, नाडी मंदावणे हे उपद्रव टाळते. स्नायूंच्या ग्राहीस ते स्पर्श करीत नाही. त्यामुळे सर्पदंशावर धोत्र्याचे बी देणे निरर्थक तर आहेच, शिवाय घातकही आहे.

आपले कर्तव्य

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशास दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले. आपल्या जंगलभागात नाल्यांना पूर आला की रस्ते तुटतात आणि पुजाऱ्याकडे गेलेले दोन तास भरून येत नाहीत. वैद्यबंधूंनी व औषधी दुकानदारांनी एवढे करावे : पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्यास दंश गृहीत धरावा; घट्ट बंध बांधू नये, चीर देऊ नये; अवयव स्थिर ठेवून श्वासावर लक्ष ठेवीत रुग्णास विनाविलंब ग्रामीण रुग्णालयात पाठवावे. खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपण्याचा सल्ला प्रत्येक घरी द्यावा. हिवतापासाठी घेतलेली जाळी मण्यारीलाही अडविते.