आरओचा पडदा का चोंदतो?

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांचा बराच भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथले बोअरचे पाणी भगोण्यात उकळले तर तळाला पांढरा थर बसतो. उकळल्याने जंतू मरतात, क्षार मात्र जात नाहीत. पाणी आटले की ते उलट दाट होतात. घरातल्या सर्वांना हे सांगून ठेवा.

क्षार काढते ते आरओ यंत्रातले मेम्ब्रेन, म्हणजे पडदा. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोएब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी असा पहिला कामाचा पडदा बनवला. आजच्या पडद्यावरचा क्षार अडवणारा थर केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. दाबाखाली पाणी पलीकडे जाते, क्षार अलीकडे राहतात.

गोम इथेच आहे. अडलेले क्षार पडद्यालगत साचतात, कारण सपाट पृष्ठभागाला चिकटून वाहणारे पाणी अगदी मंद असते. मग चुन्याचा थर धरतो, शेवाळासारखा चिकटा येतो, पाणी कमी पडते आणि गावचा प्लांट बंद होतो. मग मजुरीच्या पैशातून जार विकत घ्यावे लागतात.

म्हणून कोलोरॅडो विद्यापीठासह काही ठिकाणच्या संशोधकांनी पडद्यावरच बारीक रेषा उठवून पाहिल्या. टाकी लावलेला पाटा आठवा, फक्त रेषा डोळ्यांना न दिसणाऱ्या. प्रवाहाला आडव्या रेषा असल्या की पाणी तिथे घुसळते आणि घाण कमी बसते. पण खाचेत पाणी थांबले तर घाण तिथेच अडकू शकते, म्हणून आकार नेमका साधावा लागतो. बाजारातला पडदा बहुतेक अजून सपाटच असतो. घुसळण्याचे काम दोन पडद्यांमधली प्लास्टिकची जाळी करते.

तोवर धुणे आणि बदलणे हाच उपाय. प्लांटवाल्या भाऊंना विचारा: पडदा शेवटचा कधी धुतला? आजचा टीडीएस किती? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आकडा महिन्यागणिक चढत असेल तर पडदा खराब होतोय असे समजा. मात्र टीडीएस मीटरला जंतू कळत नाहीत. त्यामुळे जार आतून घासून धुवा, पाणी ओगराळ्याने काढा. आरओतून वाया जाणारे पाणी संडास-मोरीला वापरा, बोअरजवळ सोडू नका.