नकली बेडूक, खरी झडप

दक्षिण दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात राहणाऱ्या मासेखाऊ कुटुंबाला मासळीसाठी फार पायपीट करावी लागत नाही. शेजारीच आयएनए मार्केट आहे. पिशवी घेऊन निघाले की संध्याकाळच्या कालवणाची सोय झालीच म्हणून समजा. मग सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, डबा बांधून, शहराबाहेरच्या तळ्याकाठी तासन्‌तास काठी धरून उभ्या राहणाऱ्या मंडळींना वेडे म्हणायचे का?

खुशाल म्हणा! पण या वेडात एक मजा आहे, ती बाजारात मिळत नाही. पाण्यावर तरंगणारा प्लॅस्टिकचा बेडूक हळूहळू पुढे सरकत असतो. अचानक पाणी फुटते, ‘भुक्क’ असा आवाज होतो आणि बेडूक दिसेनासा होतो. ही झडप डोळ्यांनी पाहण्यासाठीच हौशी लोक पाण्यावरचे आमिष वापरतात. आणि हे आमिष दुकानातून आणले तसेच क्वचित चालते. त्याची खरी तयारी घरी, पाण्याच्या बादलीत होते.

मरळ वर का येते?

आपल्याकडे या खेळाची राणी म्हणजे मरळ. उत्तरेत हिच्या एका जातीला सौल म्हणतात. सापासारखे डोके, लांबट अंग आणि तोंडभर दात. पाण्यातल्या प्राणवायूवर तिचे भागत नाही. डोक्यात कल्ल्यांच्या वर असलेल्या खास पोकळीत हवा भरून घेण्यासाठी तिला वरचेवर पृष्ठभागावर यावे लागते. म्हणूनच गढूळ, शेवाळलेल्या डबक्यातही ती तग धरते आणि बाजारात थोड्याशा पाण्यात जिवंत राहते. बेडूक तिचे आवडते खाणे. तेव्हा पाण्यावरून सरकणारा बेडूक दिसला की तिला मोह होणारच.

पूर्वापार मरळीसाठी जिवंत बेडूक गळाला लावण्याची पद्धत आहे. बेडूक शेतातले किडे खातो. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली, ती त्यांची संख्या घटू लागल्यामुळेच. नकली बेडकाने निदान खऱ्या बेडकाचा जीव तरी वाचतो.

लाकडाचा बेडूक कोरण्याची युक्तीही जुनीच. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या जेम्स हेडन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे बेडूक हाताने कोरले. त्यातूनच पुढे आमिषे बनवणारी मोठी कंपनी उभी राहिली.

बादलीतली परीक्षा

आमिष आणले की आधी बादलीत सोडून पाहावे. पाण्याला ठोकर मारून आवाज करणाऱ्या आमिषाला ‘पॉपर’ म्हणतात. त्याचे तोंड वाटीसारखे खोलगट असते. त्याची शेपटी थोडी खाली आणि तोंड वर राहिले, तर झटका दिल्यावर पाणी नीट उडते. नागमोडी चालणाऱ्या लांबट आमिषाचीही शेपटी किंचित जड असावी लागते. आमिष एका कुशीवर कलंडत असेल तर ते पाण्यात सरळ चालणार नाही.

वजन वाढवायचे तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे मागचा गळ जरा जाड बसवणे. त्याने भागले नाही तर गळाच्या दांडीवर बारीक तारेचे दोन-चार वेढे द्यावेत. लाकडी आमिषाला पोटाकडून छोटे भोक पाडून त्यात शिशाचा छर्रा बसवतात आणि भोक एम-सीलसारख्या लांबीने बुजवतात. मात्र दर वेळी थोडेच वजन घालावे आणि पुन्हा बादलीत पाहावे. वजन जास्त झाले की तरंगणारे आमिष बुडायला लागते आणि सगळीच मेहनत पाण्यात जाते!

दोरीकडेही लक्ष हवे. काही दोऱ्या पाण्यात बुडतात आणि आमिषाचे नाक खाली ओढतात. पाण्यावरच्या आमिषाला तरंगणारी विणलेली दोरी बरी. गाठ आवळून घट्ट मारण्याऐवजी छोटा फास ठेवला तर आमिष मोकळेपणी डोलते.

बेडकाची दुरुस्ती

पोकळ रबरी बेडकाचे दोन्ही काटे पाठीला चिकटून बसवलेले असतात. त्यामुळे तो गवतात आणि शेवाळात अडकत नाही. पण कधी कधी काटे इतके चिकटलेले असतात की मासाही अडकत नाही. पकडीने दोन्ही टोके अगदी थोडी बाहेर वळवावीत. जास्त वळवली तर गळ मासा सोडून गवत धरतो.

बेडकाच्या पायांच्या झिरमिळ्या बहुधा गरजेपेक्षा लांब असतात. त्या कात्रीने थोड्या कमी केल्या की बेडूक डावी-उजवीकडे चपळ वळतो. अंग कडक असेल तर थोडा वेळ गरम पाण्यात बुडवून मऊ करावे. मासा चावल्यावर अंग दबले तरच काटे उघडे पडतात. गळाची दांडी जिथून आत शिरते, तिथून पाणी झिरपते. ती फट डिंकाने बंद करावी आणि तरीही अधूनमधून बेडूक पिळून घ्यावा.

विकतचा बेडूक महाग वाटला तर जुन्या रबरी चपलेच्या तळाचा तुकडा कोरूनही कामचलाऊ बेडूक करता येतो. शाळकरी मुलांना तरंगणे आणि तोल यांचा धडा यातून सहज मिळेल. गळ बसवण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे.

अमेरिकेतला धडा

याच खेळाचे मोठे वेड अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. तिथला मासा म्हणजे अंगावर काळे पट्टे असणारा स्ट्राइप्ड बास. राहतो समुद्रात, पण अंडी घालायला नद्यांत शिरतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला पॉपर फेकून त्याला पकडणारे हजारो हौशी आपापली आमिषे घरी ठाकठीक करतात.

पण १९८० च्या सुमारास हा मासा झपाट्याने कमी झाला. १९८४ साली तिथल्या संसदेने खास कायदा केला. मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० या काळात त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. १९९५ साली मासा सावरल्याचे जाहीर झाले, पण पुढे संख्या पुन्हा घसरली. २०२३ साली समुद्रावरच्या हौशी लोकांना फक्त २८ ते ३१ इंचांचाच मासा ठेवता येईल असे ठरले.

बाकीचे मासे सोडून द्यायचे. पण सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. तिथले अधिकारी हिशोब मांडताना सोडलेल्या शंभरातले नऊ मासे पुढे मरतात असे धरतात. त्यामुळेच तिथे बरेच जण आमिषाच्या तीन काट्यांच्या गळाऐवजी एकच काटा बसवतात आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकतात. मासा पटकन सुटतो, जखम कमी होते. गळ हलका झाल्याने आमिषाचा तोल बदलतो, म्हणून पुन्हा एकदा बादली पुढे घ्यावी लागते, एवढेच.

पिल्ले दिसली तर

आपल्या मरळीसाठी हा धडा अधिकच मोलाचा आहे. पावसाळ्यात मरळ अंडी घालते आणि आई-बाप मिळून पिल्लांची राखण करतात. तांबूस-नारिंगी पिल्लांचा थवा श्वास घेण्यासाठी एकदम वर येतो, तेव्हा पाण्यावर बुडबुडे आणि बारीक थरथर दिसते. त्या वेळी जवळ आलेल्या कशावरही आई-बाप तुटून पडतात. भूक हे त्याचे कारण नसते. लेकरांवर चालून आलेल्या शत्रूला ते हाकलत असतात.

काही जण नेमका याच वेळी थव्यावर बेडूक फेकतात. मासा हमखास लागतो! पण राखणदार गेला की उघड्यावर पडलेली पिल्ले इतर माशांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी जातात. एका कालवणापायी पुढच्या कित्येक मरळी संपतात.

म्हणून पिल्लांचा थवा दिसला की दोरी गुंडाळावी आणि दुसरी जागा शोधावी. मासा सोडायचा असेल तर त्याला ओल्या हाताने धरावे, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. एका तळ्यातला मासा दुसऱ्या तळ्यात सोडू नये.

घरच्यांसाठीही दोन गोष्टी. गळ मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा डब्यात ठेवावेत आणि शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. गळ अंगात रुतला तर ओढाताण न करता डॉक्टरांकडे जावे, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. तळ्यावर जाण्यापूर्वी परवाना लागतो का, याची चौकशी करावी. महाराष्ट्रातले अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथली मासळी म्हणजे कुणाच्या तरी घरची भाकरी असते. त्यांची परवानगी घेऊन टाकलेला गळच खरा हौसेचा.