दूरस्थ संचिका आणि जवळची प्रत

जाळ्यावरील संचिका-प्रणालीत संचिका एका संगणकावर असते आणि तिचा वापर करणारे अनेक संगणकांवर विखुरलेले असतात. प्रत्येक वाचनासाठी सर्व्हरपर्यंत खेप घालणे परवडत नाही; म्हणून क्लायंट एकदा आणलेले खंड स्वतःच्या स्मृतीतील बफरांत राखून ठेवतो. या कॅशमुळे वेग सहज वाढतो. कठीण प्रश्न निराळाच आहे : जवळची प्रत अद्याप खरी आहे की नाही, हे कोणी आणि केव्हा ठरवायचे?

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकाच्या मध्यास आणलेल्या एनएफएसच्या सर्व्हरला, कोणत्या क्लायंटकडे काय आहे याची नोंदच ठेवावी लागत नसे. त्यामुळे तो बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी फारसे बिघडत नसे. परंतु संचिका बदलली काय, हे क्लायंटनेच विचारावयाचे आणि मिळालेले उत्तर काही काळ ग्राह्य धरावयाचे. लिनक्समध्ये साध्या संचिकेसाठी ही मुदत, वेगळी न नेमल्यास, ३ ते ६० सेकंद असते. तेवढ्या अवधीत दुसऱ्याने केलेला बदल पहिल्याला दिसेलच असे नाही. संचिका बंद करताना लिहून टाकावी व उघडताना तपासावी, हा संकेत पाळीपाळीने काम करणाऱ्यांना पुरतो. एकाच वेळी लिहिणाऱ्यांना नाही.

बर्कली येथील स्प्राइट प्रणालीने उलट मार्ग धरला. संचिका कोणी उघडली आहे हे तिचा सर्व्हर जाणतो आणि एक जण लिहीत असता इतरांनीही ती उघडली, तर तिचे कॅशिंगच थांबवतो. एरवी लेखन सुमारे ३० सेकंद क्लायंटकडेच थांबते. तात्पुरत्या संचिका तेवढ्यात पुसल्याही जातात आणि ती खेप वाचते. मात्र यंत्र कोलमडल्यास तेवढे काम बुडते.

लेखनाबाबत एनएफएसच्या १९९५ मधील तिसऱ्या आवृत्तीने काढलेला तोडगा अधिक सुबुद्ध म्हणावा लागेल. दुसऱ्या आवृत्तीत मजकूर स्थिर साठ्यात पोहोचल्याखेरीज सर्व्हरने पोच देणे नियमबाह्य होते. तिसरीत तो मजकूर प्रथम स्मृतीत घेऊ शकतो; क्लायंटने स्वतःचे बफर ‘कमिट’ची पोच येईपर्यंत सोडावयाचे नाहीत. उत्तरासोबत येणारी खूण बदललेली दिसली, की सर्व्हर मध्यंतरी पुन्हा सुरू झाला असावा असे समजून क्लायंट सारे परत पाठवतो.

चौथ्या आवृत्तीत सर्व्हर संचिकेचा अधिकार क्लायंटकडे सोपवू शकतो आणि दुसऱ्याने मागणी करताच तो परत बोलावतो. क्लायंटशी संपर्क तुटला असेल, तर त्याच्या अधिकाराची मुदत संपेपर्यंत त्या दुसऱ्याला ताटकळावे लागते.