देठातली हजेरी

हापूसच्या कलमावरचा मोहराचा एक तुरा जवळ ओढून नीट पाहा. त्यावर शेकडो, कधी हजारो फुलं असतात, एकेक जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचं. त्यातली बरीचशी निव्वळ नर, फळ धरू शकतील अशी द्विलिंगी थोडीच. आणि कामाचा पुंकेसर फुलात बहुतेकदा एकच! एवढ्या पसाऱ्यातून हाती किती आंबे येतात? तुऱ्यामागे एखाद-दुसरा. कित्येक तुऱ्यांना तर एकही नाही.

त्यातून हापूसला स्वतःचे पराग मानवत नाहीत. म्हणून जाणते बागायतदार हापूसच्या बागेत अधूनमधून केसर, रत्ना अशी दुसऱ्या जातीची कलमं लावतात. हे पराग इकडून तिकडे नेतं कोण? मुख्यतः माश्या! मोहर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशकाचा फवारा शक्यतो टाळतात, ते त्यांच्यासाठीच.

फळ धरलं, वाटाण्याएवढं झालं, की खरी गंमत सुरू होते. कलमाखाली कोवळ्या कैऱ्यांचा सडा पडतो. वाऱ्याने पडतात म्हणावं, तर वारा नसतानाही पडतातच. मग झाड स्वतःच फळं टाकतं की काय? हो! कोवळी कोय ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करते आणि ते देठातून सतत खाली झिरपत राहतं. ही जणू त्या फळाची हजेरीच. हजेरी लागते आहे तोवर देठाच्या सांध्यातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. ती मंदावली, की त्याच पेशी आपल्यातला सांधा विरघळवू लागतात. फळ तुटत नाही, झाड ते सोडून देतं. केवढा नेमका कारभार हा, आणि तोही मेंदूवाचून!

कधी फेब्रुवारीत थंडी परतते आणि गोटीएवढी फळं अंगावर असतानाच त्याच फांद्यांना नवा मोहर फुटतो. झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि आधीची फळं गळतात. यावर उपाय म्हणजे जिब्रेलिक ॲसिड, २० लिटर पाण्यात फक्त १ ग्रॅम! पहिल्या मोहराला पुरेशी फळं धरली असतील तिथे ते फवारतात. एवढ्याशा द्रव्याने फांदीवरच्या डोळ्याचा कल फुलाकडून पालवीकडे झुकतो.

मार्चचं ऊन तापलं, की पाण्याची ओढ लागते. शक्य असेल तिथे कलमाला पंधरा दिवसांनी १५० ते २०० लिटर पाणी द्यावं. पण बुंध्याशी ओतू नका! पाणी पिणारी बारीक मुळं लांब, फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. तिथेच आळं करावं आणि वर गवताचं आच्छादन घालावं.

फळ अंड्याएवढं झालं, की त्याला वर्तमानपत्राची पिशवी बांधतात, साधारण २५ बाय २० सेंटिमीटरची. फळमाशीला अंडी घालायला साल सापडत नाही, फळ उन्हाने भाजत नाही, डागही कमी पडतात. कीड हटवायला विष लागतंच असं नाही, कालच्या बातम्याही पुरतात!