समजलें कीं पाठ झालें?

रसायनशास्त्रांत चांगले गुण मिळाले म्हणजे तें शास्त्र विद्यार्थ्यास समजलें, असें पालक व शिक्षक दोघेहि सहज धरून चालतात. परंतु पाठ होणें आणि समजणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि हा भेद केवळ शाळेंतच नव्हे, तर विश्वविद्यालयांतहि आढळून आला आहे.

सन २००२ मध्यें मलफर्ड व रॉबिन्सन या अमेरिकेंतील संशोधकांनीं रसायनशास्त्राच्या मूळ कल्पना तपासणारी २२ प्रश्नांची एक चांचणी प्रसिद्ध केली. तींत अवघड आकडेमोड नाहीं. प्रत्येक प्रश्नाखालीं कांहीं उत्तरें दिलेलीं असून, त्यांतील चुकीचीं उत्तरें विद्यार्थ्यांच्या मनांत खरोखर आढळणाऱ्या समजुतींवरूनच बेतलेलीं आहेत. त्यामुळें विद्यार्थी चुकला, तरी तो कोठें चुकला हें परीक्षकास कळतें. महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचीं सरासरीनें निम्म्याहूनहि कमी उत्तरें बरोबर आलीं. सत्राचा अभ्यास संपल्यावर तीच सरासरी जेमतेम निम्म्यापर्यंत गेली!

त्यांतील एक प्रश्न पाहा. पाणी बराच वेळ उकळत आहे. वर उठणाऱ्या मोठ्या बुडबुड्यांत काय असतें? भोर-वेल्ह्याच्या प्रत्येक घरीं चुलीवर वा शेगडीवर रोज दिसणारा हा देखावा. तरीहि कित्येक विद्यार्थी ‘हवा’ किंवा ‘हायड्रोजन व प्राणवायु’ असें उत्तर देतात. खरें उत्तर ‘वाफ’ हें होय. पाणी तापूं लागतांच भांड्याच्या तळाशीं जे बारीक बुडबुडे दिसतात, ते विरघळलेल्या हवेचे. ती लवकरच निघून जाते. पुढें पाण्याचे रेणु एकमेकांपासून दूर होतात, पण रेणु स्वतः फुटत नाहींत. ते फुटत असते, तर भाताच्या आधणांतून ज्वालाग्राही वायु निघून चुलीजवळ बसणें धोक्याचें झालें असतें! पाणी म्हणजे एच-टू-ओ, एवढेंच ज्यास पाठ आहे, तोच येथें फसतो.

दुसरा प्रश्न लोखंडाचा. खिळा पूर्णपणें गंजला, तर त्या गंजाचें वजन मूळ खिळ्याहून कमी भरेल, तितकेंच भरेल, कीं जास्त? वेल्ह्याच्या पावसांत बाहेर विसरलेला विळा ज्यानें पाहिला आहे, तो म्हणेल, “गंजानें लोखंड खाल्लें, वजन घटणारच.” परंतु गंज म्हणजे लोखंडाचा प्राणवायु व पाणी यांच्याशीं झालेला संयोग. पापुद्रे गळूं न देतां सर्व गंज तोलला, तर वजन वाढलेलें दिसेल.

सन १९८७ मध्यें नरनबर्न व पिकरिंग यांसहि असाच अनुभव आला होता. वायूंच्या नियमांवरील उदाहरणें अचूक सोडविणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांस, वायूचे कण पात्रांत कसे पसरलेले असतात याचें योग्य चित्र ओळखतां आलें नाहीं. आपल्याकडे मुंबईचें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान शिकविण्याच्या अशाच प्रश्नांचा विचार करीत आलें आहे.

येथील मुलें उद्यां पुण्याच्या महाविद्यालयांत जातील. पायाचा दगड डळमळीत राहिला, तर वरचें बांधकाम किती टिकेल? पालकांस रसायनशास्त्र येत नसलें तरी चालेल. गुण विचारून झाल्यावर त्यांनीं एवढेंच म्हणावें, “बाळ, हें असें कां होतें, मला समजावून सांग.” उत्तर त्याच्या स्वतःच्या शब्दांत आलें, तर त्याला समजलें, पुस्तकांतील वाक्यच जसेंच्या तसें आलें, तर अभ्यास अजून बाकी आहे असें समजावें.