लहरींचं जग (भाग 7) : मेंढीच्या गळ्यातला रेडिओ

जीपीएसचा रिसीव्हर उपग्रहांचं फक्त ऐकतो, उलट काही बोलत नाही, हे मागच्या भागात पाहिलं. म्हणजे गळ्यात नुसता जीपीएस अडकवला, तर मेंढी कुठे आहे हे त्या पट्ट्याला कळेल, मालकाला नाही. त्याच्यापर्यंत ही खबर न्यायला दुसरा रेडिओ लागतो, आणि खरी कसोटी त्याचीच असते.

नॉर्वेत दर उन्हाळ्यात सुमारे 20 लाख मेंढ्या-कोकरं डोंगरात चरायला मोकळी सोडतात. बहुतेकांसोबत मेंढपाळ नसतो. आठवड्यातून किमान एकदा जनावरं पाहून यावीत, असा तिथला नियम आहे. पण अस्वल, लांडगा आणि लिंक्स काही आठवडाभर थांबत नाहीत. हिवाळ्याआधी कळप खाली आणायचा, तर डोंगर पालथा घालावा लागतो. म्हणून तिथे रेडिओचे पट्टे रुळले. पट्टा सहसा मेंढीलाच बांधतात. कोकरू आईला सोडून फारसं लांब जात नाही, आणि वाढत्या मानेला पट्टा आवळण्याची भीतीही असते.

अशा दऱ्यांत मोबाइलची रेंज असेलच असं नाही. तिथे ‘लोरा’ हे तंत्र कामी येतं. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरातल्या एका छोट्या कंपनीने ते घडवलं. 2012 मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. युरोपात लोरा 868 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि पट्ट्याची प्रक्षेपणशक्ती असते जेमतेम 25 मिलिवॉट. तरीही समोर आडकाठी नसेल तर संदेश कित्येक किलोमीटर पोचतो, कारण लोरा घाई करत नाही. प्रत्येक चिन्ह पाठवताना वारंवारता ठरावीक मर्यादेत सरकत नेली जाते. जत्रेच्या गलक्यातही चढत्या सुरातली शीळ कानाला वेगळी कळते, तसा हा सरकता सूर रिसीव्हर गोंगाटातून वेचून काढतो.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. अक्षांश-रेखांश सहा बाइटांत बसवले तरी जागा दोन-तीन मीटरपर्यंत नेमकी सांगता येते. बॅटरीची स्थिती वगैरे धरून संदेश बारा बाइटांचा झाला, तर सर्वांत संथ गतीला तो हवेत जवळजवळ दीड सेकंद राहतो. युरोपात या वारंवारतांवर सहसा वेळेच्या एक टक्काच बोलायची मुभा आहे. म्हणजे दीड सेकंद बोलून अडीच मिनिटं गप्प! त्यात जीपीएसला जागा शोधायला लागणारी वीज वेगळी. बॅटरीने अख्खा मोसम काढायचा, तर पट्ट्याने दिवसातून मोजक्या वेळाच बोलायचं.

डोंगराची सोंड आड आली की संदेश अडतो, आणि मेंढी अँटेनावर आडवी झाली तरी क्षीण होतो. म्हणून रिसीव्हर उंच कड्यावर बसवतात. पट्ट्यातला हालचाल मोजणारा सेन्सर मात्र फार मोलाचा. मेंढी बराच वेळ हललीच नाही, तर इशारा येतो. ती मेली असेल तर ताज्या मृतदेहावरून, कातडीखालच्या रक्तस्रावावरून शिकार झाली की नाही हे ओळखता येतं. शिकारी प्राण्यांनी मारलेल्या मेंढ्यांची भरपाई तिथे सरकार देतं, आणि त्यासाठी असा पुरावा लाखमोलाचा.

हाच पट्टा आपल्याकडे चालेल का? भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झचा वारंवारता-पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना खुला आहे. अडचण तिथे नाही. पण दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या धनगराची गरजच निराळी आहे. तो दिवसभर मेंढरांसोबत असतो आणि रात्री त्यांना वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडतो. त्याला धास्ती रात्रीच्या लांडग्याची आणि चोराची. दर चार तासांनी जागा सांगणारा पट्टा त्याच्या काय कामाचा? त्याला हवा तो कळप अवेळी उधळताच जवळच्या तंबूत वाजणारा. असा पट्टा एरवी गप्पच राहील, म्हणून बॅटरीही टिकेल. जनावरांच्या कानातला बारा अंकी बिल्लाही इथे मदतीला येत नाही. तो ओळख सांगतो, ठिकाण नाही.

म्हणून पट्टा विकायला आलेल्याला ‘किती किलोमीटर रेंज?’ एवढंच विचारून थांबू नये. तो कधी बोलतो आणि कशासाठी बोलतो, हे आधी विचारावं. कळप राखणाऱ्या माणसाची काळजी समजून न घेता बनवलेलं यंत्र कितीही लांब पोचलं, तरी त्याच्या उपयोगाचं नाही.

पुढच्या आठवड्यात : तारेविना कुंपण कसं घालतात?